पोलादी तेलटाकीचा पूर्वेतिहास

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी पंपांची वंशावळ दिली, दट्ट्यांचे व्यास नोंदले, झडपांच्या पेटंटांच्या तारखा साक्षेपाने जपल्या. परंतु ज्या पात्रातून तो द्रव निघतो आणि आपले काम उरकून ज्या पात्रात परत येतो, त्या टाकीच्या वाट्याला त्यांच्या ग्रंथांत क्वचितच एखाद्या परिच्छेदाहून अधिक जागा आली आहे. कारखान्यातही तिची तीच गत असते. यंत्राचा आराखडा पुरा झाला, मोटार, पंप, नळ्या यांच्या जागा मुक्रर झाल्या, की उरलेल्या कोपऱ्यात मावेल एवढी टाकी आखायची, हा बहुतेक ठिकाणचा परिपाठ. मला हा अन्याय वाटतो. कारण ही टाकी कशी घडत गेली हे पाहू जाता, लोखंडाचे दोन पत्रे एकमेकांना कसे जोडावेत या एका प्रश्नाचा दीर्घ इतिहास उलगडत जातो, आणि त्या प्रश्नाला जी निकड आली ती पाण्याच्या जागी तेल आल्यामुळे आली, हे ध्यानात येते.

आरंभी तेल नव्हतेच. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कालचा सिद्धान्त त्याच्या मृत्यूनंतर 1663 साली प्रसिद्ध झाला. त्याचे यंत्र व्हायला मात्र 1795 साल उजाडावे लागले. त्या वर्षी, कुलुपे घडविण्यात ख्यातनाम झालेल्या जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने आपल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ब्रामाची खरी अडचणही सांध्याचीच होती. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधल्या फटीतून पाणी सुटे, आणि दाब वाढेल तसतशी आपोआप घट्ट बसत जाणारी चामड्याची वाटी घालून ती फट बंद करण्याची युक्ती त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या कुशल माणसाच्या नावावर सांगितली जाते. पुढे न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगने, जो पेशाने वकील होता, 1846 साली तेथील धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी यारी उभी केली, आणि काही वर्षांतच दाबाचा साठा करणारे एक भव्य साधन योजले: उभ्या नळकांड्यातील दट्ट्यावर दगडमातीने भरलेली प्रचंड पेटी टांगायची, वाफेच्या पंपाने खाली पाणी भरून ती पेटी वर उचलायची, आणि खाली येऊ पाहणाऱ्या त्या भाराच्या जोरावर गोदीतल्या साऱ्या यारी, दरवाजे आणि पूल चालवायचे. लंडनमध्ये तर असे दाबाचे पाणी रस्त्यांखालच्या नळांतून गिऱ्हाइकांना विकणारी कंपनीच निघाली, आणि तिचा कारभार 1977 पर्यंत चालू होता. 1894 साली खुला झालेला टॉवर ब्रिजही अशाच दाबाच्या पाण्याच्या बळावर आपले दोन्ही बाहू उचलीत असे. मुंबईत 1880 साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला तेव्हा तेथेही याच जातीच्या यारी धक्क्यावर उभ्या राहिल्या.

महाराष्ट्राच्या अंतर्भागात मात्र ही विद्या गोदीच्या वाटेने आली नाही. ती कापसाच्या वाटेने आली. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 ते 1865 या मुदतीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, मुंबईच्या बाजारात भावांचा भडका उडाला, आणि वऱ्हाड-खानदेशाची रुई आगगाडीने मुंबईस व तेथून जहाजाने विलायतेस जाऊ लागली. जहाजाचे भाडे जागेवर आकारले जाते, आणि रुईचा स्वभाव असा की मोकळी ठेवाल तितकी ती फुगते. तेव्हा जितकी गाठ आवळलेली तितका नफा, असा रोकडा हिशेब होता. मळसूत्री दाबाने जेवढे साधे तेवढ्याने व्यापाऱ्याचे समाधान होईना, आणि कुलाब्याच्या प्रेसांत, मागाहून खामगाव, अमरावती, हिंगणघाट यांसारख्या पेठांत, वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप व पाण्याच्या दाबाचे प्रेस आले. 392 पौंडांची गाठ हे पुढे हिंदी कापसाच्या व्यवहाराचे मापच होऊन बसले. अंगठ्याएवढ्या जाडीच्या नळीतून येणारे पाणी हत्तीला न पेलणारा भार पेलते, हे दृश्य वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने आणि हमालाने पाहिले ते या प्रेसमध्ये.

या साऱ्या व्यवस्थेत टाकी हा जिन्नस जवळजवळ नगण्य होता. पाणी स्वस्त होते; काम झाल्यावर ते गटारात सोडले तरी कोणाचे काही बुडत नसे, आणि साठवायचेच झाले तर दगडी, लाकडी किंवा बिडाचा हौद पुरे होई. त्यात पाने पडली, गाळ बसला, शेवाळ धरले, तरी झडपा आणि नळकांडी इतकी ढोबळ मापांची असत की चाळणीपलीकडे कसला बंदोबस्त लागत नसे. पाण्याचे अवगुण मात्र यंत्रे बारीक आणि वेगवान होऊ लागली तसे नडू लागले. थंड मुलखात ते गोठे आणि नळ फोडी. लोखंडाला ते गंजवी. आणि एकमेकांवर घासत चालणाऱ्या भागांना त्याच्यापासून वंगण म्हणून काही मिळत नसे. खनिज तेलात यांपैकी एकही खोड नव्हती. हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड्स जॅनी या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी 1906 साली व्हर्जिनिया या युद्धनौकेच्या तोफा फिरविण्यासाठी तेलावर चालणारी यंत्रणा बसविली, आणि तेथून द्रवदाबाच्या यंत्रांचे तेलयुग सुरू झाले असे सर्वसाधारणपणे मानतात. तेल विकत घ्यावे लागते, म्हणून ते परत आणावे लागते; परत आलेले तेल तापलेले, फेसाळलेले आणि घासलेल्या धातूची पूड घेऊन आलेले असते, म्हणून ते निवायला, त्यातली हवा सुटायला आणि गाळ बसायला अवसर द्यावा लागतो. हौदाची टाकी झाली ती या तीन गरजांपायी. आता तेल धरून ठेवणारे पोलादी पात्र बनवायचे कसे, हा सवाल उभा राहिला, आणि त्या काळच्या कारागिरीपाशी त्याला समाधानकारक जबाब नव्हता.

त्या काळी पोलादी पत्र्याचे पात्र म्हणजे रिव्हेटांचे पात्र. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवायच्या. दोहोंतून ठरावीक अंतरावर भोके पाडायची. भट्टीत लाल केलेला रिव्हेट चिमट्याने उचलून भोकात घालायचा. एकाने पलीकडून जड ठोकळा टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने अलीकडून हातोड्याचे घाव घालून त्याचे डोके बसवायचे. निवताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो, यातच त्या सांध्याचे सारे बळ. बळ म्हणजे अभेद्यता मात्र नव्हे. दोन सपाट पृष्ठभाग कितीही आवळले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म वाटा उरतातच, म्हणून मग बोथट छिन्नीने पत्र्याची कड शेजारच्या पत्र्यात ठोकून ठोकून बसवीत. एवढे करूनही नवी टाकी थोडीफार पाझरे, पण त्याने कोणी गडबडून जात नसे. कारण पाणी जेथून झिरपते तेथे गंज चढतो, आणि तो गंजच काही दिवसांत ती वाट बुजवून टाकतो. बाष्पयुगातल्या कित्येक पाणटाक्या आपल्या दोषाच्याच आधाराने निर्दोष राहिल्या होत्या असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल.

तेलाने ही सवलत काढून घेतली. तेल जेथून पाझरते तेथील लोखंडाचे ते गंजापासून रक्षण करते, त्यामुळे ती फट दहा वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकीच उघडी राहते. शिवाय ते पातळ थराने पसरत जाते, धूळ ओढून घेते, आणि कोठून निघाले याचा माग पुसून टाकते. जहाजे बांधणाऱ्यांना हा अनुभव आधीच आलेला होता. खनिज तेल पिपांत न भरता थेट जहाजाच्या पोटात ओतून नेणारे ग्लूकआउफ हे पहिले आधुनिक तेलवाहू जहाज 1886 साली पाण्यात उतरले, आणि ते बांधले होते त्याच आर्मस्ट्राँगच्या कंपनीने टाइन नदीकाठच्या आपल्या गोदीत. अशा जहाजांत रिव्हेटांमधले अंतर पाण्यासाठी चालते त्याहून कमी ठेवावे लागे, म्हणजे रिव्हेटांची संख्या वाढे, मजुरी वाढे, भोकांनी पत्रा अधिक कमजोर होई, आणि तरीही पाझर संपूर्णपणे थांबत नसे. पत्र्याच्या कडा एकमेकींवर न चढवता त्या एकजीवच करून टाकणे, यावाचून या पेचातून सुटका नव्हती.

धातू वितळवून सांधा एकजीव करावा ही कल्पना आपल्याकडच्या कारागिराला परकी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. पेशवाईच्या आश्रयाने पुण्यास येऊन कसब्यात स्थिरावलेल्या तांबटांची भांडी पाहावीत. घंगाळ किंवा बंब घडविताना पत्र्याच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत गुंतवीत, त्यावर पितळी झाळ व टाकणखार घालून भट्टीत तापवीत, आणि झाळ वितळून फटीत शिरली की सांध्यावर हातोडा चालवून तो पत्र्याशी समतल करीत. मागाहून मठारकामाचे ठसे सर्वांगावर उठले की जोड कोठे आहे हे शोधूनही सापडू नये. यात टाकणखाराचे काम फार महत्त्वाचे: तापलेल्या धातूवर चढणारी कीट तो विरघळवतो आणि हवेला सांध्यापर्यंत पोहोचू देत नाही. तांब्याच्या भांड्याला ही रीत पुरते. परंतु दोन हात लांबीचा पोलादी पत्रा भट्टीत घालून सबंध तापविला तर तो वाकडातिकडा होऊन हातचा जातो. तेथे पाहिजे असते ती एका ओळीपुरती, पोलादालाच वितळवील अशी उष्णता.

ती दोन वाटांनी मिळाली. फ्रान्समध्ये एदमों फूशे आणि शार्ल पिकार यांनी 1903 च्या सुमारास ऑक्सिजन व अॅसिटिलीन यांची ज्योत देणारी बत्ती तयार केली, आणि तिचे तापमान तीन हजार अंशांच्या घरात गेले. दुसरी वाट विजेची. रशियात निकोलाय बेनार्दोस याने कोळशाच्या कांडीने आणि त्याच्यामागून 1888 साली स्लाव्ह्यानोव्ह याने धातूच्याच कांडीने विजेची कमान पेटवून लोखंड जोडून दाखविले. पण उघड्या कांडीतून टपकणारा रस वाटेतच हवेतील प्राणवायू व नत्रवायू पिऊन घेई, आणि सांधा दिसायला भरलेला असूनही आतून ठिसूळ राही. या अडचणीवरचा इलाज स्वीडनच्या ऑस्कर शेलबेरीला सुचला. तो आगबोटींवर काम केलेला अभियंता होता, बाष्पपात्रांचे पाझरणारे रिव्हेट हे त्याच्या रोजच्या त्राग्याचे कारण होते, आणि त्या पाझराची दुरुस्ती करण्यासाठीच त्याने 1904 साली गोथेनबर्ग येथे आपली कंपनी काढली. तिचे ईसाब हे नाव आज आपल्या वेल्डरांच्याही तोंडी आहे. 1907 साली त्याने कांडीवर खनिज द्रव्यांचे पुट चढविण्याची तजवीज केली: पुट जळताना वायूचे आवरण तयार होते, उरलेली मळी तप्त सांध्यावर पसरून त्याला झाकते, आणि निवल्यावर हातोडीच्या टोकाने ती झाडून टाकता येते. कसब्यातल्या तांबटाचा टाकणखार आणि शेलबेरीचे पुट यांचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे रस थिजेपर्यंत त्याला हवेपासून जपणे. आणि माझ्या मते वेल्डिंगच्या साऱ्या इतिहासात याहून मोलाचे पाऊल दुसरे नाही.

पुढची प्रगती युद्धांनी घडविली. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरत असताना तिच्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी आपली इंजिने फोडून ठेवली. ती दुरुस्त होण्यास दीड-दोन वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज होता, पण विजेच्या वेल्डिंगने काही महिन्यांतच ती जहाजे समुद्रावर गेली. 1920 साली बर्कनहेडच्या कॅमेल लेअर गोदीतून फुलागार हे छोटे, परंतु सर्वांगाने वेल्ड केलेले जहाज बाहेर पडले. 1931 साली अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बाष्पपात्रांच्या नियमावलीत वेल्ड केलेल्या पात्रांना, क्ष-किरणांनी सांधा तपासण्याच्या अटीवर, रीतसर मान्यता दिली. रिव्हेटांच्या सत्तेचा अंत त्या दिवशी ठरला असे म्हणावयास हरकत नाही, जरी तिचा अंमल पुढे दोन दशके रेंगाळला.

मग 16 जानेवारी 1943 उजाडला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पोर्टलंड येथील गोदीत स्केनेक्टडी नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज, सागरी चाचण्या आटोपून, शांत पाण्यात बांधून ठेवलेले असता, रात्रीच्या थंडीत कडाडून मध्येच दुभंगले. तो आवाज मैलभरावर ऐकू गेला म्हणतात. हे जहाज सर्वस्वी वेल्ड केलेले होते, त्यामुळे रिव्हेटांच्या जुन्या कैवाऱ्यांना बोलण्यास जागा मिळाली, आणि त्या सुमारास बांधलेल्या शेकडो लिबर्टी जातीच्या मालवाहू जहाजांतही तडे आढळू लागले तेव्हा तो आक्षेप निव्वळ आकसाचा राहिला नाही. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने त्याचा मुळापासून तपास केला. विशिष्ट तापमानाखाली त्या पोलादाचा चिवटपणा नाहीसा होतो व ते काचेप्रमाणे तडकते, हा तिचा निष्कर्ष. सांध्याकडेही त्यात दोष गेला तो असा: रिव्हेटांच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेपर्यंत धावतो आणि शेतातली आग बांधापाशी थांबावी तसा तेथे थांबतो, वेल्ड केलेल्या जहाजाला असा बांधच नसतो. काटकोनी कोपरे, अर्धवट भरलेले सांधे, अचानक बदलणारी जाडी, या ठिकाणी तड्याचा जन्म होतो हे तेव्हापासून प्रत्येक आरेखकाला पाठ करावे लागले. आजच्या तेलटाकीचे कोपरे शक्य तेथे पत्रा वाकवून गोल केलेले असतात आणि सांधा कोपऱ्यापासून दूर नेलेला असतो. ही सावधगिरी ज्या अनेक ठेचांतून आली त्यांपैकी पोर्टलंडची ही एक आहे.

इकडे तेलाची यंत्रेही स्वस्थ नव्हती. हॅरी व्हिकर्स याने 1925 साली पात्यांच्या पंपाला असा समतोल दिला की दाबाचा एकांगी ताण धुऱ्यावर येईना, आणि यंत्रसामग्रीच्या कारखान्यांत तेलाचे पंप सर्रास दिसू लागले. विमानांनी तर चाके उचलण्यापासून पंखांच्या झापा हलविण्यापर्यंत सारे तेलावर सोपविले. युद्ध संपताच हे ज्ञान शेतात आणि बांधकामावर उतरले. इंग्लंडमधील उटॉक्सिटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने 1945 साली एक जुने वेल्डिंगचे यंत्र घेऊन युद्धातल्या मोडीच्या लोखंडातून शेतगाडी जोडली, आणि तीन वर्षांत तेलाच्या दाबाने उलटणारी गाडी बाजारात आणली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पिवळी यंत्रे आज महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात विहिरी आणि पाट खणताना दिसतात, आणि पुण्याजवळ तळेगावास त्या कंपनीचा कारखानाही आहे. बॅमफर्डच्या उद्योगाचा पाया वेल्डिंग आणि द्रवदाब या दोनच गोष्टींचा होता, आणि त्या दोन गोष्टी ज्या एका वस्तूत एकत्र येतात ती वस्तू म्हणजे टाकी.

आपल्या देशात वेल्डिंगचा खरा प्रसार झाला तो गॅस आणि रॉड येथेच बनू लागल्यानंतर. इंडियन ऑक्सिजन अँड अॅसिटिलीन ही कंपनी 1935 साली स्थापन झाली. मुंबईत अडवानी-ऑर्लिकॉनने 1951 पासून वेल्डिंगच्या रॉडांचा व्यवसाय उभारला. होल्क-लार्सन आणि तुब्रो या दोघा डॅनिश अभियंत्यांनी 1938 साली मुंबईत आपली भागीदारी सुरू केली ती डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकण्यासाठी. महायुद्धाने आयात तोडली तेव्हा तीच पात्रे आणि यंत्रे येथे घडविण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि 1948 साली पवईच्या दलदलीच्या, झाडीच्या जमिनीवर त्यांनी आपल्या कारखान्याची जागा घेतली. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम सुरू झाला, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, सातपूर, ठाणे-बेलापूर या पट्ट्यांत मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने फॅब्रिकेशनच्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. बैतेवारीने गावोगाव फिरणाऱ्या लोहारांचे, आणि तांबटआळीत गिऱ्हाईक आटलेल्या घरांचे काही वंशज या शेडमध्ये उमेदवारीला लागले. त्यांचे हात घावाला सरावलेले होते. आता त्यांना हात स्थिर ठेवण्याची विद्या शिकावी लागली.

भोसरीच्या अशा एका शेडमध्ये मी टाकी घडताना पाहिली आहे, आणि ते काम कोणत्याही जुन्या कसबाइतकेच लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. पंप मिनिटाला जितके तेल ओढील त्याच्या तिपटीइतकी टाकी, हा जागेवर बसविलेल्या यंत्रांचा सर्वसाधारण दंडक. वर दशांशाहून थोडी अधिक जागा हवेसाठी मोकळी सोडायची. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा कापून, वाकवून, त्यातून तळ व दोन बाजू एकसंध काढतात, म्हणजे सांध्यांची लांबी तितकी घटते. मग दोन्ही टोकांचे पत्रे उभे करून टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टाके, मारायचे, गुण्या लावून पाहायचा, दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत ना याची खातरी करायची, आणि मगच सलग वेल्डिंगला हात घालायचा; तोही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ नव्हे, तर थोडे येथे, थोडे समोरच्या बाजूस, असा तुकड्यातुकड्याने. निवताना सांधा आखडतो आणि पत्र्याला ओढून घेतो, आणि ही ओढ दोन्हीकडून समान झाली तरच टाकीचे तोंड सपाट राहते. आत एक आडभिंत असते. परतीची नळी तिच्या एका अंगाला, पंपाकडे जाणारी नळी दुसऱ्या अंगाला. तेलाने जवळची वाट न धरता वळसा घालून जावे, वाटेत बुडबुडे सोडावेत, गाळ टाकावा, भिंतींना आपली उष्णता द्यावी, एवढ्यासाठी ती योजना. परतीच्या नळीचे तोंड तेलाच्या पातळीखाली, तिरपे कापून भिंतीकडे वळवलेले. तळ निचऱ्याच्या बुचाकडे उतरता. आणि पाय इतके उंच की तळाखालून वारा खेळावा.

सांधे तपासण्याची रीत मला विशेष मोहक वाटली. खडूची भुकटी पाण्यात कालवून बाहेरून सगळ्या सांध्यांवर पांढरा पट्टा ओढतात आणि तो खडखडीत वाळू देतात. मग आतल्या बाजूने त्याच सांध्यांवर रॉकेल फिरवतात. रॉकेल तेलापेक्षा कितीतरी पातळ, म्हणून जेथून तेल उद्या सुटणार असेल तेथून ते आज सुटते, आणि पांढऱ्या पट्ट्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ओलसर डाग उमटतो. मिस्त्री त्या डागाभोवती खुणेचे वर्तुळ काढतो, सांधा तेवढा घासून उकरतो आणि पुन्हा भरतो. वरच्यावर रस ओतून भोक झाकून टाकणे हे तेथे हलके काम समजले जाते. हवा भरून साबणाचे पाणी लावण्याची दुसरी रीत आहे, पण सपाट भिंतींच्या टाकीला हवेचा दाब सोसत नाही, म्हणून तेथे हात फार आखडता घ्यावा लागतो.

गळती थांबली म्हणजे टाकी झाली, अशी समजूत पाण्याच्या काळात चालली असती. तेलाच्या यंत्रांचे दाब जसजसे चढले तसतशा झडपांतल्या फटी घटत गेल्या, आणि आज त्या पाच-दहा मायक्रॉनवर आल्या आहेत. माणसाचा केसच सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. वेल्डिंगचा उडालेला एखादा बारीक शिंतोडा, मळीची कपची, गरम पत्र्यावरची निळसर कीट, यांतले काहीही आत राहिले तर ते महिन्या-दोन महिन्यांनी सुटून पंपात जाते, आणि लाखो रुपयांचे यंत्र त्या कणापायी बंद पडते. म्हणूनच आतला सांधा सलग भरायचा, तुटक ठेवायचा नाही. तुटक सांध्याच्या मागे जी चीर राहते तिच्यात धूळ दडते आणि कितीही धुतले तरी निघत नाही. म्हणूनच आतून जस्ताचा मुलामा द्यायचा नाही, कारण तेलातल्या द्रव्यांशी त्याचे पटत नाही. घासून, छर्ऱ्यांच्या माऱ्याने किंवा आम्लात बुडवून, धुऊन, पुसून झाल्यावर शेवटची परीक्षा होते ती उघड्या तळहाताने. त्या शेडमधले मिस्त्री नव्या पोराला सांगत होते, "डोळ्यावर जाऊ नकोस रे, हात फिरव, कुठं खरखरलं तर झाकण लावायचं नाही." टाकी रंगवून, पाट्या लावून गिऱ्हाइकाकडे गेली म्हणजे त्याला दिसतो तो बाहेरचा सांधा, आणि तोही रंगाखालून. आतल्या सांध्याचा साक्षीदार तो पोरगा आणि ते मिस्त्री, एवढेच.

रिव्हेटांच्या टाक्यांना एक फायदा होता, त्याचाही उल्लेख न्यायाने केला पाहिजे: त्या दुरुस्त करताना ज्योत लागत नसे. वेल्ड केलेली जुनी टाकी गळू लागली की ती परत वेल्डिंगलाच येते, आणि रिकामी दिसणारी टाकी तेलाच्या वाफांनी भरलेली असते. ठिणगी पडताच अशी टाकी फुटून कामगार दगावल्याच्या घटना जगभर घडत आल्या आहेत. जाणता माणूस ती वाफेने धुऊन घेतो, शक्य असेल तेथवर पाण्याने भरतो, आणि सगळी झाकणे उघडी ठेवूनच कामाला लागतो. यात उतावीळपणा करणाऱ्या मक्तेदारापाशी काम करू नये, असेच मी कोणत्याही तरुण वेल्डरला सांगेन.

चालत्या यंत्रांवर आता साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या टाक्या येऊ लागल्या आहेत. त्या हलक्या असतात, गंजत नाहीत, आणि हव्या त्या खाचखळग्यात बसतात. गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांत पोलादी टाकीचे सांधेही यंत्रमानव भरतो. टॉवर ब्रिजचे पाणीही 1976 साली निवृत्त झाले, आणि त्याचे बाहू तेव्हापासून तेल आणि वीज उचलतात. पत्रे दाबणाऱ्या, रबर घडविणाऱ्या, भंगाराच्या गाठी बांधणाऱ्या मोठ्या प्रेसांच्या टाक्या मात्र अजून हातानेच जोडल्या जातात, कारण त्या एकेका यंत्रापुरत्या आखलेल्या असतात आणि कित्येकदा हजारो लिटरांच्या असतात. यांपैकी काही टाक्या प्रेसच्या माथ्यावर बसवतात. दट्ट्या वेगाने खाली येऊ लागला की नळकांड्यातली वाढती पोकळी मोठ्या झडपेतून वरचे तेल खाली ओढून घेते, आणि पंपाला ते सारे पुरविण्याचा भार पडत नाही. अशी टाकी एकदा वर चढली की पुन्हा खाली येत नाही, तिची साफसफाई तेथेच, आत शिरून करावी लागते. म्हणून तिच्या झाकणाचे भोक आखताना आरेखक प्रथम एवढेच पाहतो, की माणसाचे दोन्ही खांदे त्यातून आत जातील की नाही.